जुळ्यांची नावं: जोडी अर्थाची की उच्चाराची?

जुळ्यांची नावं ठरवताना काय तपासायचं, फसगत कुठे होते, ते इथे लिहा. "छान वाटतात" एवढ्यावर थांबू नका; का जमतात, का बिघडतात, तेही येऊ द्या.

*

पहिला सापळा यमकाचा. श्रुती-स्मृती कागदावर सुरेख. पण लांबून हाक मारताना आपण शेवटचा स्वर ताणतो आणि सुरुवातीचं अक्षर हवेत विरतं. "…तीऽऽ" एवढंच पोचतं. दोघी येतात, नाहीतर एकही येत नाही. एकाने पलीकडच्या खोलीत दार लोटून, पंखा लावून उभं राहायचं, दुसऱ्याने नावं उलटसुलट क्रमाने दहा वेळा पुकारायची. दोनदा चुकलं की जोडी बाद.

श्रुती ठेवायचंच असेल तर सोबत मेधा घ्या. मेधा म्हणजे ऐकलेलं धरून ठेवणारी बुद्धी. अर्थाचा धागा तोच, शेवटचा स्वर वेगळा.

*

लाडाची रूपंही बघा. प्रणव आणि प्रणाली, दोघांचं "पनू" व्हायला आठवडा पुरतो.

*

अर्थ जुळवताना दोघांच्या वाट्याला सारखं येतंय ना? आरोह-अवरोहमध्ये एक चढणारा आणि दुसरा जन्मभर उतरणारा. उन्मेष-निमिष त्यापेक्षा बरं. एक पापणी उघडणं, दुसरं मिटणं, शिवाय निमिष म्हणजे क्षण, त्यामुळे ते एकटंही उभं राहतं. भावंडं वेगवेगळ्या वर्गांत बसणार आहेत, तिथे जोडी सोबत नसते.

मुलगा-मुलगी असतील तर ईशान-ईशानी करण्याचा मोह टाळा. एक नाव दुसऱ्याची नक्कल वाटतं. मिहिर-मिहिका तशी वाटते, पण नाही: मिहिर सूर्य, मिहिका धुकं. जाणून घेतली तर देखणी जोडी, एकाच अर्थाची समजून घेतली तर फजिती. आणि अनय-अनया ठेवण्याआधी शब्दकोश उघडा. अ + नय, म्हणजे नीतीचा अभाव! नावांच्या याद्यांवर विसंबू नका, तिथे निम्म्या नावांचा अर्थ "तेजस्वी" असतो.

*

तयार जोड्यांत क्रम चुकतो. आपण लव-कुश म्हणतो म्हणून थोरल्याचं नाव लव ठेवलं जातं. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात थोरला कुश आहे. भाऊ-बहीण हवेत तर महाभारतात कृप-कृपी आहेत. शंतनूने कृपेने वाढवले म्हणून ती नावं. कृपीऐवजी कृपा केलं तर आजही खपेल.

*

क्रमावरून आठवलं. पाणिनीचा नियम आहे, "अल्पाच्तरम्": द्वंद्व समासात कमी स्वरांचा शब्द आधी. बोलतानाही बहुतेकदा तसंच होतं, नर-नारायण. एक नाव दोन अक्षरी आणि दुसरं चार अक्षरी ठेवलंत, तर लांब नाववाला कायम मागे. अक्षरसंख्या सारखी ठेवा.

*

आद्याक्षर वेगळं हवंच. आडनाव, जन्मतारीख, पत्ता सगळं एक. त्यात आद्याक्षरही तेच असलं की दुसरी नोंद "डुप्लिकेट" समजून काढली जाण्याची भीती. हे रोमन लिपीतही तपासा. इरा-ईशा, आर्या-अन्वी, शाल्मली-सानिका: देवनागरीत वेगळी वाटतात, रोमनमध्ये पहिलं अक्षर एकच.