मदत हवी आहे: विमानातल्या पाठमोऱ्या सीटबद्दल

नमस्कार मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं अमेरिकी हवाई दलातले डॉ. जॉन पॉल स्टॅप यांच्यावर तक्ता करतायत. न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन हवाई तळावर १० डिसेंबर १९५४ रोजी हा डॉक्टर स्वतः रुळांवरून रॉकेटच्या जोरावर धावणाऱ्या गाड्यावर बसला. वेग ताशी सुमारे १०१७ किमी, आणि रुळांमधल्या पाण्याच्या ब्रेकने गाडा जेमतेम १.४ सेकंदात थांबला! ४६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट झटका. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेनासं झालं, पण माणूस वाचला. केवढं धाडस!

पाठमोरं, म्हणजे जायच्या दिशेकडे पाठ करून बसलं तर असा झटका जास्त सोसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग बहुतेक प्रवासी विमानांत अशा सीट का नाहीत? वजन, खर्च, की प्रवाशांची नापसंती? हवाई दलात किंवा विमान वैद्यकात काम केलेल्या कुणी मुलांना कळेल असं समजावून सांगाल का?