मुले बोलतात भरभरून, मग लिहिताना चार ओळींवर का थांबतात?

प्रश्न : तिसरीची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी गेली सहा वर्षे प्राथमिक वर्गांना भाषा शिकवते आणि यंदा माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. पटावर ३४ मुले आहेत. मधल्या सुट्टीत या मुलांच्या गप्पा ऐकल्या, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे कोणीही म्हणणार नाही. कोणाचा दात पडला, कोणाच्या मांजरीला पिल्ले झाली, कोण रात्री झोपेत पलंगावरून खाली आले, हे सारे हातवारे करून आणि आवाज बदलून सांगितले जाते. तीच मुले वही उघडली की गप्प होतात.

गेल्या आठवड्यात मी ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला. सुरुवात कशी करावी हे कळावे म्हणून फळ्यावर पाच-सहा वाक्येही लिहून दिली. वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा ३४ पैकी २७ वह्यांची सुरुवात ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ याच वाक्याने झालेली होती. जिच्या घरी मांजरीला चार पिल्ले झाली आहेत, त्या मुलीनेही कुत्र्यावरच लिहिले होते. मला फार वाईट वाटले, कारण तिला ते वाक्य मीच दिले होते. मुलांनी स्वतःचे, मनापासून लिहावे यासाठी आपण वर्गात नेमके काय करता? आणि एवढ्या मोठ्या वर्गात ते रोज कसे निभावता?

उत्तर : चौथीची वर्गशिक्षिका

मॅडम, आपण विषय मोठा दिला आणि वाक्ये तयार दिली, त्यामुळे मुलांना स्वतःचे काही आठवण्याची गरजच उरली नाही. मी बरीच वर्षे हेच करत होते, म्हणून सांगते. ‘आवडता प्राणी’ या विषयात आठ वर्षांच्या मुलाला धरायला काही सापडत नाही. ‘पिल्लांनी डोळे उघडले तो दिवस’ म्हटले की सापडते. विषय जितका लहान, तितके लिखाण मोठे होते.

माझ्या वर्गात प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘मला सांगायच्या गोष्टी’ अशी यादी असते. आठवेल तेव्हा मूल तिथे दोन-तीन शब्द टिपून ठेवते : ‘जिन्यावरून पडलो’, ‘दिवे गेले तेव्हा’, ‘हरवलेले खोडरबर’. लिहिण्याच्या तासाला ते यादीतून एक गोष्ट निवडते आणि शेजारच्या मुलाला तोंडी सांगते. शेजाऱ्याने फक्त एक प्रश्न विचारायचा असतो. हे सारे पाच मिनिटांत होते आणि त्यानंतरच पेन्सिल हातात घ्यायची असते.

एक प्रसंग सांगते. एका मुलाने लिहिले होते : ‘मी जिन्यावरून पडलो. मला लागले.’ आणि वही मिटली होती. मी शेजारी बसून विचारले, ‘पडलास तेव्हा हातात काय होते?’ तो म्हणाला, ‘पाण्याची बाटली. ती प्रत्येक पायरीवर वाजत गेली आणि माझ्या आधी खाली पोहोचली.’ मी म्हटले, ‘हे मला माहीत नव्हते, वाचणाऱ्यालाही माहीत नसेल.’ त्याने वही पुन्हा उघडली आणि ते वाक्य जसेच्या तसे लिहिले. मी त्याला एक शब्दही सुचवला नव्हता.

मुलाशी असे बोलणे हाच लेखन शिकवण्याचा गाभा आहे, असे मला वाटते. लेखन-शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्हज यांनी १९७८ ते १९८० या काळात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुले प्रत्यक्ष लिहीत असताना त्यांच्याजवळ बसून निरीक्षण केले. मुलांनी आपले विषय आपण निवडावेत आणि लिखाण चालू असतानाच शिक्षकाने त्यांच्याशी थोडक्यात बोलावे, हा त्यांचा आग्रह पुढे अनेक देशांत पोहोचला. ३४ मुलांशी रोज बोलणे शक्य नाही. मी दिवसाला पाच-सहा मुलांजवळ बसते, म्हणजे दीड आठवड्यात सर्वांची पाळी येते.

उत्तर : पहिली-दुसरीचे शिक्षक

वरील मुद्दे पटतात, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे मुलाचा हात त्याच्या विचाराच्या वेगाने चालतो. पुष्कळ मुलांचा तो चालत नाही. ‘आमच्या’ हा एक शब्द लिहायचा तर च अर्धा करायचा, त्याला य जोडायचा, काना द्यायचा; एवढे करेपर्यंत पुढचे वाक्य डोक्यातून निसटलेले असते. असे मूल चार ओळींवर थांबते तेव्हा त्याला सांगायचे नसते असे नाही, ते दमलेले असते. म्हणून अक्षरांचा सराव टाळू नये अशी माझी विनंती आहे. रोज दहा मिनिटे, ठरावीक अक्षरे आणि जोडाक्षरे, पण स्वतंत्र वेळेत. मनातले लिहिण्याच्या तासाला अक्षराच्या वळणाबद्दल मी काहीही बोलत नाही.

लहान वर्गात मी आधी चित्र काढू देतो. मुलाचे हावभाव, खेळ आणि चित्रे यांतूनच पुढे लिहिणे उगवते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी मांडले होते आणि वर्गात ते रोज दिसते. मूल चित्र काढताना स्वतःशी बोलत असते. ते बोलणेच चित्राखाली एका ओळीत उतरवायचे. ज्याला अजिबात लिहिता येत नाही, त्याचे वाक्य मी त्याच्या समोर, त्याच्याच शब्दांत लिहून देतो आणि ते त्याला बोटाने वाचायला लावतो.

आणखी एक प्रकार मला फार उपयोगी पडला आहे. सगळ्या वर्गाने मिळून एक वाक्य तोंडी ठरवायचे आणि खडू मुलांच्या हाती द्यायचा. एक जण एक शब्द लिहितो, दुसरा पुढचा, अडले की वर्ग शब्दातले आवाज सुटे सुटे करून मोठ्याने सांगतो. तीन वाक्यांना वीस मिनिटे लागतात, पण शब्दांमधली जागा, पूर्णविराम, अनुस्वार यांबद्दल तेवढ्यात जितके शिकवून होते तितके वही तपासून होत नाही.

मूल ‘पुस्तक’च्या जागी ‘पुसतक’ किंवा ‘त्याने’च्या जागी ‘तेने’ लिहिते, तेव्हा घाबरू नये. त्याने सगळे आवाज नीट ऐकले आहेत, ते कागदावर कसे मांडायचे एवढेच राहिले आहे. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या शाळापूर्व वयाच्या मुलांचे असे ‘चुकीचे’ शब्द तपासले आणि त्या चुकांमागे उच्चाराचे सुसंगत तर्क आहेत हे दाखवून दिले.

प्रश्नकर्ती शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. ‘मूल दमलेले असते’ हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर लगेच तीन चेहरे आले. पण तपासण्याबद्दल मन अजून डळमळते. चुकांवर खूण केली नाही तर पालक वही घेऊन येतात आणि विचारतात, ‘मॅडम, हे तुम्ही पाहिले नाही का?’ खूण केली तर पुढच्या वेळी मूल फक्त हमखास बरोबर येणारे शब्द वापरते. एका मुलाने ‘किंकाळी’ हा शब्द खोडून ‘आवाज’ लिहिले. विचारले तर म्हणाला, ‘तो मला लिहिता येत नाही.’

उत्तर : शिक्षक-प्रशिक्षणात काम करणारी भाषाशिक्षिका

‘किंकाळी’ गेली हे नुकसान ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुकांपेक्षा मोठे आहे, हे पालकांना सभेत उदाहरण देऊनच सांगावे. मी दोन वह्या ठेवायला सांगते. कच्च्या वहीत काटछाट, बाण, अपुरी वाक्ये सगळे चालते आणि तिथे मी लाल शाई वापरत नाही. वाचून झाल्यावर मजकुराबद्दल एक प्रश्न पेन्सिलीने लिहिते. पंधरा दिवसांतून एकदा मूल आपल्या आवडीचे एक लिखाण पक्क्या वहीत उतरवते, आणि तिथे शुद्धलेखन कसोशीने पाहिले जाते. पालकांना दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवल्या की बहुतेकांचे समाधान होते.

पक्क्या प्रतीतही एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. वर्गातल्या निम्म्या मुलांचे अनुस्वार चुकत असतील तर त्या पंधरवड्यात फक्त अनुस्वार. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून लिखाण सुधारत नाही, हे लेखनाविषयीच्या संशोधनाचे १९६३ आणि १९८६ मध्ये जे मोठे आढावे घेतले गेले, त्या दोन्हींत नोंदलेले आहे. १९८६च्या आढाव्यात वाक्ये जोडण्याच्या सरावाचा परिणाम मात्र चांगला दिसला. तो फळ्यावर सहज करता येतो. ‘पाऊस आला. छत्री नव्हती. आम्ही धावलो.’ ही तीन वाक्ये देऊन ‘एकच वाक्य करा’ म्हणावे. कोणी ‘छत्री नव्हती म्हणून’ने सुरुवात करते, कोणी ‘पाऊस येताच’ म्हणते, आणि दोन्हींत काय बदलले यावर मुले आपण होऊन वाद घालू लागतात.

वेळेबद्दलही सांगते. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१२ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज एक तास लेखनासाठी द्यावा, अशी शिफारस आहे; त्यातला अर्धा वेळ शिकवण्यासाठी आणि अर्धा प्रत्यक्ष लिहिण्यासाठी. एक तास आपल्याला मिळेलच असे नाही, पण आठवड्यातून एकदा निबंध आणि बाकी दिवस काहीच नाही, या पद्धतीने कोणाचाही हात वाहता होत नाही. परिसराच्या पाठानंतर ‘आज मला काय नवे कळले’ याच्या तीन ओळी, हेही लेखनच आहे.

उत्तर : पाचवीचे शिक्षक

एक गोष्ट अजून कोणी बोलले नाही : मुलांचे लिखाण वाचते कोण? फक्त शिक्षक वाचणार असेल आणि तोही चुका शोधण्यासाठी, तर कोणीही हातचे राखूनच लिहील. फ्रान्समधील सेलेस्टँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास आपल्या खेड्यातल्या वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुले मनाला येईल ते लिहीत, कोणते छापायचे ते वर्ग मिळून ठरवी, आणि मुले स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर छापत. हे छापील कागद दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवले जात आणि तिथून तसेच कागद येत. समुद्रकाठच्या मुलांना डोंगरातले काय माहीत नसेल, याचा विचार करतच डोंगरातली मुले लिहीत असत.

आपल्याला छापयंत्राची गरज नाही. दुसऱ्या शाळेतला एखादा वर्ग पत्रमित्र म्हणून मिळाला तरी पुरे. माझ्या वर्गाने पहिल्या पत्रात लिहिले, ‘आमच्या शाळेत मोठे झाड आहे.’ उत्तर आले, ‘किती मोठे?’ दुसऱ्या दिवशी सहा मुले हात धरून खोडाभोवती उभी राहिली, सातव्याने दोरीने मापले, आणि मग जे पत्र गेले ते दोन पानांचे होते. ‘सविस्तर लिहा’ असे मी वर्षभर सांगत होतो; त्या दोन शब्दांच्या प्रश्नाने ते एका दिवसात झाले.

प्रश्नकर्ती शिक्षिका

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. शेवटच्या पानावरची यादी सुरू केली, फळ्यावर वाक्ये देणे बंद केले आणि शेजारच्याला आधी सांगण्याची पाच मिनिटे ठेवली. पहिले दोन दिवस बारा मुलांनी काहीच लिहिले नाही आणि मला वाक्ये देण्याचा फार मोह झाला. त्यातल्या सात जणांना चित्र काढायला दिले आणि पाच जणांची वाक्ये मी लिहून घेतली. शेजारच्या तुकडीशी पत्रव्यवहार पुढच्या सोमवारपासून सुरू होईल.

मांजरीवाल्या मुलीने काल लिहिले : ‘तीन पिल्लांनी डोळे उघडले. चवथ्याने नाही उघडले. मी त्याला रोज सांगते की बाहेर उजेड आहे.’ मी खाली पेन्सिलीने विचारले, ‘तू सांगतेस तेव्हा ते काय करते?’ आज सकाळी प्रार्थनेच्या आधीच ती वही घेऊन माझ्याकडे आली.