पित्ताशय काढल्यावर सासूबाईंना घरी आणतोय, काय सांभाळायचं?

माळवी_सून:
सासूबाईंचं (वय 58) पित्ताशय काल दुर्बिणीने काढलं, इथेच इंदूरला. उद्या घरी सोडतील. आम्ही रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकतोय म्हणतात, त्यामुळे सासरे फार घाबरलेत. जिने चढू द्यावेत का? आणि खायला काय? आमच्याकडे सकाळ पोहे-शेवेशिवाय होत नाही.

लोकमान्यनगरची_मावशी:
अगं, खांदा माझाही असाच दुखला होता. ऑपरेशनला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) चुरचुरतं, आणि त्याची नस मानेतून येते म्हणून कळ खांद्यात लागते. दोन-तीन दिवसांत ओसरते. खोलीतल्या खोलीत फिरवत राहा, मला त्यानेच आराम पडायचा. मात्र छातीवर दाब, धाप, घाम किंवा डाव्या हातात कळ असेल तर गॅस समजून बसू नका, ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

जिने चढू देत, कठड्याला धरून, मध्ये थांबत. पलंगावरून सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचं. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. हे आजच शिकव त्यांना, टाक्यांवर ताण येत नाही.

पित्त यकृतातच तयार होतं, पित्ताशय ते फक्त साठवायचं. आता ते सारखं थोडं थोडं आतड्यात उतरणार, म्हणून एकदम तेलकट खाल्लं तर जुलाब होऊ शकतात. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, ताक, थोडं थोडं पण चार-पाच वेळा. पोहे कमी तेलाचे चालतील, शेव नको. कचोरी, गराडू (तळलेला कंद) काही आठवडे नाहीच.

आणि मनापासून सांगते, बाहेरून चार बारीक चिरा दिसतात, पण आतून एक अवयव काढलाय. थकवा खूप येतो. चौथ्या दिवशी त्या ओट्यापाशी उभ्या राहतील, "मला काही होत नाही" म्हणतील. ऐकू नकोस. पिठाचा डबा, भरलेली बादली, नातवंडाला कडेवर घेणं, डॉक्टर सांगत नाहीत तोवर काही नाही. साधारण 4 ते 6 आठवडे धरून चाला. सासऱ्यांनाही हे समोर बसवून सांग. घरातल्या बाईचं दुखणं फार लवकर संपल्यासारखं धरतात सगळे.

वॉर्डातली_सिस्टर:
मावशींनी छान सांगितलं. पुढचं मात्र विसरू नका: ताप, थांबत नसलेली उलटी, वाढत जाणारी पोटदुखी, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, टाक्यांतून पू, यातलं काहीही दिसलं तर फोनवर विचारत बसू नका, थेट घेऊन या. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही कधी कधी, पाणी भरपूर द्या. काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल नंतर येतो, तो आठवणीने घ्या.

माळवी_सून:
दोघींचे खूप आभार. कुशीवर वळून उठणं आत्ताच करून घेतलं, बरंच सोपं गेलं त्यांना. एकच विचारते, एकादशी आलीय आणि त्या उपवास सोडणार नाहीत.

वॉर्डातली_सिस्टर:
कडक उपवास नको, गोळ्या रिकाम्या पोटी जातील. साबुदाण्याची खिचडी तर मुळीच नको, दाण्याचा कूट आणि तूप दोन्ही जड. मोरधन (भगर) मऊ शिजवून ताकाबरोबर द्या, उपवासही राहील.