आयात केलेल्या पाल्यात किडी आढळल्यास काय करावे?

पुष्पसज्जा_मेलबर्न: मी मेलबर्नमध्ये लग्नसमारंभांची पुष्पसज्जा करते. पुरवठादाराकडून आलेल्या परदेशी पाल्याच्या एका खोक्यात पानांच्या खालच्या बाजूला बारीक किडे दिसले. तपासणी होऊनही ते कसे उरतात, आणि असा पाला टाकायचा कुठे?

कीडपाहणी: फुलकिड्यांची मादी बहुधा पानाच्या आतच अंडी घालते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या जुडीतूनही नंतर पिल्ले निघतात, शिवाय माल ताजा ठेवणाऱ्या थंडीने किडी मरतातच असे नाही, अनेकदा त्या फक्त मंदावतात. १ मार्च २०१८ पासून ऑस्ट्रेलियाने फुले व पाल्याच्या आयातीचे नियम कडक केले. निर्यातदार देशातच मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी द्यावी, शेतापासून पॅकिंगपर्यंत मान्यताप्राप्त देखरेख ठेवावी किंवा मंजूर झालेला अन्य उपाय करावा, असे ते नियम सांगतात. धुरीने नाजूक पाला खराब होऊ शकतो, म्हणून देखरेखीची पद्धत निर्यातदारांना सोयीची वाटते. मात्र शेतावर ती जितकी काटेकोर पाळली जाईल तितकाच तिचा भरवसा. आपण खोके न झटकता जाड पिशवीत बंद करावे, छायाचित्र काढावे आणि १८०० ०८४ ८८१ या वनस्पती-कीड हेल्पलाइनवर कळवावे.

मावळचा_गुलाबवाला: किडींइतकाच देठांचाही विचार करावा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या गुलाबाचे देठ ग्लायफोसेट या तणनाशकाच्या द्रावणात बुडवावे लागतात, कारण काडी मातीत लागली तर तिच्यासोबत रोगही रुजू शकतो. फुलांचा टिकाऊपणा यामुळे कमी होतो, ही आम्हा उत्पादकांची जुनी कुरकुर आहे. तरीही नियम योग्यच आहे.

रानपान: एप्रिल २०१० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सेंट्रल कोस्टवर एका फूलशेतीत मर्टल रस्ट ही बुरशी प्रथम आढळली. ती कोणत्या वाटेने आली हे ठरले नाही, आणि काही महिन्यांतच निर्मूलनाचा प्रयत्न सोडावा लागला. या बुरशीमुळे नेटिव्ह ग्वाव्हा हे तिथले रानझाड आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. मराठी मंडळींसाठी आणखी एक सूचना: आपल्याकडे गुच्छांत वापरला जाणारा कामिनीचा पाला आणि कढीपत्ता ही सिट्रस सायला किडीची आवडती झाडे आहेत. ही कीड लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवते आणि ऑस्ट्रेलिया अद्याप दोन्हींपासून मुक्त आहे. त्यामुळे गणपतीसाठी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना ताजा पाला किंवा आंब्याचे डहाळे आणायला सांगू नये.

पुष्पसज्जा_मेलबर्न: खोके बांधून ठेवले आहे. ते पालिकेच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकले तर चालेल का?

कीडपाहणी: नाही, त्या कचऱ्याचे खत होऊन ते पुन्हा बागांत जाते. हेल्पलाइनवरून सूचना मिळेपर्यंत पिशवी उघडू नये, आणि त्याच खेपेतील उरलेला पाला समारंभात वापरू नये.