डीडीचा आकडा पाहून डिस्क पास करू नका

लातूरच्या आडत दुकानाच्या सर्व्हरवर 'डीडी'ने (लिनक्सची डेटा कॉपी करणारी कमांड) सेकंदाला 2 जीबी वेग दाखवला, म्हणून डिस्क चांगली, असं एकाने लिहिलंय. तो वेग बहुधा रॅमचा असेल. लिनक्स आधी पेज कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) लिहून मोकळा होतो. शिवाय डीडी सलग लिहितो, डेटाबेस मात्र जागोजागी छोटे तुकडे. पोस्टग्रेस या डेटाबेसचं पान (एका वेळी वाचायचा-लिहायचा तुकडा) 8 केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं 16.

'फिओ' हे डिस्क तपासायचं साधन लावा. डायरेक्ट आयओ (पेज कॅश टाळून थेट डिस्कवर) चालू, ब्लॉक 8 केबी, रँडम वाचन-लेखन मिसळून, आणि निदान तासभर चालू द्या. साध्या एसएसडीची एसएलसी कॅश (आतला छोटा वेगवान भाग) भरेपर्यंत सगळं झकास दिसतं, मग वेग धाडकन पडतो. सरासरी बघू नका, 99 टक्क्यांवरची लेटन्सी (100पैकी 99 कामं जेवढ्या वेळात उरकतात तो वेळ) बघा. सोयाबीनच्या आवकेत काट्यावर रांग लागते ती त्या उरलेल्या एका टक्क्यापायी! (फिओला चुकूनही थेट डेटा असलेलं डिव्हाइस देऊ नका, सगळं पुसून जाईल.)

पण आपल्याकडे लाइट जाते, म्हणून खरी परीक्षा एफसिंकची, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर पोचवायच्या हुकमाची. पोस्टग्रेससोबत 'पीजी टेस्ट एफसिंक' येतं, ते चालवा. 7200 आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला 120च फेरे मारते, म्हणून एफसिंकही साधारण तेवढेच. तिच्या एकटीवर हजारो एफसिंक दिसले तर मधली कुठलीतरी कॅश खोटं बोलतेय. त्या कॅशला बॅटरी नसेल तर लाइट गेली की 'कमिट झालं' (पक्की नोंद झाली) म्हणून सांगितलेल्या विक्रीच्या पट्ट्याही गेल्या. एसएसडी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन (लाइट गेली तरी कॅशमधला डेटा वाचवायची सोय) आहे का, एवढं दुकानदाराला आधी विचारा. यूपीएसच्या भरवशावर तर मी अजिबात राहणार नाही.