मदत हवी आहे: डिझाइन थिंकिंगमधून शिकलेलं सगळ्यांपर्यंत कसं न्यायचं?

नमस्कार. आमच्या टीमने डिझाइन थिंकिंग (वापरणाऱ्यांची गरज समजून उपाय शोधायची पद्धत) मनापासून केलं: वापरणाऱ्यांशी बोललो, प्रश्न मांडला, कच्चा नमुना करून तपासला. नमुना फसला, पण त्यामुळेच कळलं की मुळात प्रश्नच चुकीचा धरला होता. संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्गिरिस ज्याला 'डबल-लूप लर्निंग' म्हणत, ते हेच. नुसती चूक सुधारायची नाही, तर चुकीमागचं गृहीतकही तपासायचं. माझ्या मते हीच खरी कमाई.

पण ती दोघा-तिघांच्या डोक्यातच राहिली. अहवाल कुणी उघडला नाही आणि शेजारच्या विभागाने तीच चूक केली, याचं फार वाईट वाटलं.

अमेरिकी लष्करात 'आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू' होतो (काय ठरलं, काय घडलं, का, पुढे काय), तशी बैठक कुणी प्रत्येक चाचणीनंतर घेता का? दुसऱ्या विभागातल्यांना बसवता का? वरिष्ठांसमोर लोक मोकळं बोलतात का? अनुभव सांगा, प्लीज.