विकर्णाने कौरवपक्ष सोडायला हवा होता का?

दांडियाबाजारकर: कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगविलेले कुरुक्षेत्र पाहून आपण बडोदेकर अभिमन्यूसाठी हळहळतो, मला त्याच युद्धातला विकर्ण अधिक अस्वस्थ करतो. द्यूतसभेत भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून मोकळे झाले, तेव्हा दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उठला. युधिष्ठिर आधी स्वतःलाच हरला होता, द्रौपदी एकट्या त्याची नव्हे तर पाचांची पत्नी आहे आणि तिला पणाला लावण्याची सूचना शकुनीची होती, असे मुद्देसूद मांडून त्याने ती जिंकली गेलेली नाही असा निर्वाळा दिला. कर्णाने त्याला पोर म्हणून झिडकारले. एवढे ज्याला कळत होते, तो पुढे विराटाच्या गाई पळवायलाही कौरवांबरोबर गेला! तेथे कोणते घर राखायचे होते? धृतराष्ट्राचाच दुसरा मुलगा युयुत्सू मात्र, युद्धारंभी युधिष्ठिराने हाक देताच, सर्वांदेखत पांडवांकडे गेला. विकर्णाने भावाच्या मायेलाच क्षात्रधर्म म्हटले, असे माझे मत आहे.

रावपुरेकर: ही तुलना मला मान्य नाही. युयुत्सू वैश्य स्त्रीच्या पोटी जन्मला होता. गांधारीच्या शंभर मुलांत तो कधीच धरला गेला नाही. ज्या घरात आपले पान कडेला मांडलेले असते ते सोडणे आणि सख्ख्या भावांना मरणाच्या दारात टाकून जाणे, यांना एकच माप कसे लावता? विकर्णाचा शेवट पाहा. चौदाव्या दिवशी भीमाने कर्णाला जेरीस आणले, तेव्हा दुर्योधनाने त्याच्या बचावासाठी जे भाऊ धाडले त्यांत विकर्ण होता. भर सभेत ज्याने अपमान केला त्याच कर्णाला वाचवताना तो पडला, आणि त्याला मारणाऱ्या भीमालाच वाईट वाटले: शंभरांना मारण्याच्या प्रतिज्ञेपायी तुलाही मारावे लागले, तू तर आमच्या हिताचा होतास, असे तो म्हणाला. शत्रूकडून अशी पावती शंभरांतल्या आणखी कोणाला मिळाली?

सयाजीगंज: पावती भीमाच्या मनाचा मोठेपणा दाखवते, तिने विकर्णाचा निर्णय बरोबर ठरत नाही. युद्धापूर्वी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला गेला, तेव्हा भीष्म, द्रोण आणि कृप यांनी आपण अर्थाचे दास आहोत, कौरवांनी आपल्याला बांधून ठेवले आहे, अशी स्पष्ट कबुली दिली. खाल्ल्या मिठाला जागण्याची ती सबब मला पटत नाही, पण निदान ती सबब तरी आहे. विकर्ण कोणाचा आश्रित नव्हता, राजपुत्र होता.

रावपुरेकर: राजपुत्र होता म्हणूनच तर त्याला मोकळीक कमी होती. आश्रित धनी बदलू शकतो. भाऊ कोठे बदलणार?

दांडियाबाजारकर: भाऊ बदलायला कोणीच सांगत नाही. विभीषणाप्रमाणे शत्रूकडे जाणे नको होते, तर बलरामाप्रमाणे तीर्थयात्रेला निघून जाण्याची वाट होतीच. शिवाय युयुत्सूने घर मोडले म्हणता, तर युद्धानंतर राजस्त्रियांना हस्तिनापुरास सुखरूप पोहोचवणारा तोच होता, आणि महाप्रस्थानास निघताना युधिष्ठिराने परीक्षिताला अभिषेक करून राज्याचा भार सोपवला तोही त्याच्यावरच.

रावपुरेकर: तो पुढचा हिशेब झाला. बलरामाला दोन्ही पक्ष सारखेच जवळचे होते. विकर्णाच्या एका बाजूला चुलतभाऊ होते आणि दुसऱ्या बाजूला गांधारीची उरलेली नव्याण्णव मुले.